सात वाजून एकोणपन्नास मिनिटं

चीनच्या शिनजियांग प्रांतातल्या उरुमची शहरात, जीशियांगयुआन वसाहतीत, २४ नोव्हेंबर २०२२ च्या रात्री दहा माणसं धुरात गुदमरून मेली, नऊ जण जखमी झाले. सरकारी कागदांत ही दुर्घटना संध्याकाळी ७ वाजून ४९ मिनिटांनी सुरू होते, कारण त्या मिनिटाला अग्निशमन दलाकडे फोन आला. आग तेव्हाच लागली हे खरं आहे. पण एकवीस मजली इमारतीतल्या एका खोलीत लागलेली आग विझवायला पावणेतीन तास लागले, आणि त्या पावणेतीन तासांत माणसं गेली. तो उशीर त्या संध्याकाळी जन्मला नव्हता. तो कित्येक महिने विटेवर वीट रचून उभा केला गेला होता. म्हणून घड्याळ बरंच मागे न्यावं लागतं.

खालच्या वेळा बीजिंगच्या आहेत. चीनमध्ये अधिकृत वेळ एकच. उरुमची राजधानीपासून इतकं पश्चिमेला आहे की तिथले बरेच उइगुर लोक घरात दोन तास मागचं घड्याळ पाळतात. सरकारचं ७:४९ म्हणजे त्यांचे पावणेसहा, रात्रीच्या जेवणाची तयारी सुरू व्हायची वेळ.

२३ जानेवारी २०२०, पहाटे २. वूहान

शहर झोपेत असताना हुकूम निघाला: सकाळी दहापासून सगळं बंद. एक कोटी दहा लाख लोकवस्तीचं वूहान ७६ दिवस बंद राहिलं. त्या वेळी हा उपाय लागू पडला, हे मान्य करायलाच हवं. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे लोक ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी दारोदार फिरत होते, तेव्हा चीनमधल्या बहुतेक शहरांत बाजार आणि शाळा सुरू होत्या. सरकारने हे यश राष्ट्राध्यक्ष शी जिनपिंग यांच्या नावावर जमा केलं. घोटाळा झाला तो तिथे. पुढे ओमायक्रॉन हा विषाणूचा नवा प्रकार आला, संसर्गाचा वेग कित्येक पटींनी वाढला, लशी आल्या, जगभरचे उपाय बदलले. चीनमध्ये मात्र शून्य कोविडचं, म्हणजे एकही रुग्ण शिल्लक न ठेवण्याचं, धोरण बदलायचं म्हणजे नेत्याचं चुकलं असं कुणीतरी म्हणायला हवं होतं. तसं म्हणू शकणारा माणूस पक्षात उरला नव्हता, वर्तमानपत्रात तर नव्हताच.

२४ डिसेंबर २०२१ आणि १ जानेवारी २०२२. शीआन

या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवूनच वाचाव्यात.

पहिल्या दिवशी जाहीर झालं की साथ रोखण्यात ढिलाई केल्याबद्दल शीआनमधल्या २६ अधिकाऱ्यांवर कारवाई केली आहे. आठवडाभराने त्याच शहरात आठ महिन्यांची गरोदर बाई पोटात दुखू लागलं म्हणून इस्पितळात आली. तिच्या कोविड चाचणीच्या अहवालाची मुदत काही तासांपूर्वी संपली होती. तिला दारातच थांबवलं. ती बाहेर बसून राहिली, रक्तस्राव सुरू झाला आणि बाळ गेलं. त्या दृश्याचा व्हिडिओ देशभर पसरला तेव्हा कारवाई झाली, माफीही मागितली गेली. पण दारावर उभ्या असलेल्या माणसाने काय केलं ते बघा. आत सोडलेली बाई बाधित निघाली असती तर त्याची नोकरी गेली असती. बाहेर थांबवलेल्या बाईचं काही बरंवाईट झालं तर नियमावर बोट ठेवता येणार होतं. २६ अधिकाऱ्यांची बातमी त्याने नक्कीच वाचली असणार.

पुढच्या अकरा महिन्यांत चीनभर हाच हिशेब चालला, फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून प्रांताच्या सचिवापर्यंत.

२८ मार्च ते १ जून २०२२. शांघाय

शहराच्या दोन भागांची आळीपाळीने चार-चार दिवसांची टाळेबंदी, असं सांगितलं होतं. झाले दोन महिने. अडीच कोटी माणसं घरात. देशातल्या सर्वात श्रीमंत शहरात लोक कोबी आणि तांदूळ मिळवण्यासाठी शेजाऱ्यांशी अदलाबदल करत होते.

यातली एक गोष्ट उरुमचीच्या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखी आहे. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात शांघायच्या काही भागांत बाधित रुग्ण असलेल्या इमारतींच्या प्रवेशद्वारांसमोर माणसाहून उंच हिरव्या जाळीचं कुंपण ठोकण्यात आलं. पांढऱ्या संरक्षक पोशाखातले कामगार रात्री आले, खांब रोवले, जाळी ताणली आणि गेले. सकाळी खिडकीतून पाहणाऱ्या लोकांनी फोटो टाकले आणि अगदी साधा प्रश्न विचारला: आग लागली तर आम्ही बाहेर कसं पडायचं? हा प्रश्न सात महिने आधी, मोठ्याने, देशाच्या आर्थिक राजधानीत विचारला गेला होता. पोस्ट काढून टाकल्या गेल्या.

१० ऑगस्ट. उरुमची

जुलैच्या मध्यावर शी जिनपिंग शिनजियांगमध्ये येऊन गेले होते. ऑगस्टच्या सुरुवातीला प्रांतात रुग्ण सापडू लागले आणि १० तारखेपासून उरुमचीचे भाग बंद होऊ लागले. आधी पाच दिवस म्हटलं गेलं. मग मुदत वाढली. मग मुदत सांगायचंच बंद झालं.

टाळेबंदी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो पोलिसांचा दंडुका आणि रिकामा रस्ता. उरुमचीतला प्रकार वेगळा होता. शहराचे चौकोन पाडलेले, प्रत्येक चौकोनाला वस्ती समितीचे कर्मचारी नेमलेले. चाचणीसाठी खाली कधी यायचं, भाजीचं पाकीट कधी मिळेल, दुखणं आलं तर गाडी येईल की नाही, हे सगळं त्यांच्या हातात. इमारतीच्या रहिवाशांचा वुईचॅट या मोबाइल अ‍ॅपवर गट असतो. त्यात विनंती टाकायची आणि उत्तराची वाट पाहायची. चीनमधल्या अनेक शहरांत दारांवर मोहोर लावलेल्या कागदी पट्ट्या चिकटवल्या जात, कुठे दार उघडलं की इशारा देणारी उपकरणं, तर कुठे बाहेरून साखळी. आतल्या माणसाने आपलं दार आपण होऊन उघडणं हा गुन्हा ठरला होता.

शिनजियांगमध्ये ही यंत्रणा नव्याने उभारावी लागली नाही. २०१७ पासून तिथे उइगुर आणि इतर मुस्लिम समाजातल्या लाखो लोकांना सरकारने छावण्यांत आणि तुरुंगांत डांबलं होतं. चौकाचौकात पोलीस चौक्या होत्या, घरोघरची नोंद होती, कोण कुणाला फोन करतो त्यावर नजर होती. टाळेबंदी सुरू असतानाच, ३१ ऑगस्टला, संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाचा अहवाल आला. तिथे जे घडलं ते मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकतात, असं त्यात म्हटलं होतं. ज्या समाजाला छावणीचा अनुभव आहे, त्याच्या दारावर कुलूप आलं तर तो आरडाओरडा करत नाही. शांघायच्या लोकांनी खिडक्यांतून थाळ्या बडवल्या. उरुमचीच्या उइगुर वस्त्यांत तसं करण्याची किंमत काय असते, हे घराघराला माहीत होतं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला शिनजियांगच्याच गुलजा शहरातून व्हिडिओ बाहेर येऊ लागले. रिकामे फ्रीज, तापाने फणफणलेली मुलं, अन्नासाठी आर्जवं. ९ सप्टेंबरला तिथल्या अधिकाऱ्याने त्रुटींबद्दल माफी मागितली. कुलपं तशीच राहिली.

५ सप्टेंबर, दुपारी १२:५२. चेंगदू

सिचुआन प्रांतात लूदिंगजवळ मोठा भूकंप झाला. नव्वदहून अधिक माणसं गेली. दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या चेंगदूत उंच इमारती डोलू लागल्या. दोन कोटी दहा लाखांचं हे शहर १ सप्टेंबरपासून बंद होतं. लोक जिने उतरून खाली धावले, तर काही वसाहतींची दारं बंद. बंद फाटकाला धडका देणाऱ्या लोकांचे व्हिडिओ त्याच दुपारी फिरू लागले. आत राहा, साथीचे नियम आहेत, असं सांगणारे पहारेकरीही त्यात दिसत होते.

इमारती पडल्या नाहीत, म्हणून ती गोष्ट तिथेच मिटली. पण ज्याला धोक्याची सूचना म्हणतात ती यापेक्षा स्पष्ट कशी असणार?

१८ सप्टेंबर, पहाटे २:४०. ग्वीचौ

ग्वीयांग शहरातून ४७ जण असलेली बस दूरच्या विलगीकरण केंद्राकडे निघाली होती. पहाटे दोन ते पाच या वेळेत लांब पल्ल्याच्या प्रवासी बसगाड्या महामार्गावर आणायला चीनमध्ये मनाई आहे. ही बस होती, कारण ग्वीयांगला आपल्या हद्दीतली रुग्णसंख्या शून्यावर आणायची होती आणि माणसं हद्दीबाहेर नेली की आकडा खाली येत होता. सांदू परगण्यात बस उलटली. २७ मेले.

बसचा फोटो त्या दिवशी सगळीकडे फिरत होता: काचेपर्यंत पांढऱ्या पोशाखात गुंडाळलेला चालक, रात्र, धुकट उजेड. आपण सगळेच त्या बसमध्ये आहोत, असं हजारो लोकांनी लिहिलं. या घटनाक्रमातलं हे एक वाक्य मला सर्वात जवळचं वाटतं, कारण ते लिहिणाऱ्यांना आजाराची भीती वाटत नव्हती. आपल्याला कुठेही नेलं जाऊ शकतं आणि आपल्याला विचारलं जाणार नाही, ही ती भीती होती.

ऑक्टोबर

४ तारखेला शिनजियांगच्या अडीच कोटींहून अधिक लोकांना सांगण्यात आलं की प्रांताबाहेर जाऊ नका. बाहेर जाणाऱ्या गाड्या थांबवल्या गेल्या. १६ तारखेला बीजिंगमध्ये पक्षाचं विसावं अधिवेशन सुरू झालं. शी जिनपिंग यांनी शून्य कोविड धोरणाचा भाषणात गौरव केला आणि तिसऱ्यांदा सरचिटणीसपद मिळवलं. धोरण सैल होईल या आशेवर बसलेल्या कोट्यवधी लोकांना उत्तर मिळालं. खालच्या अधिकाऱ्यांनाही.

१ नोव्हेंबर. लानचौ

कोळसावायूने तीन वर्षांचा मुलगा बेशुद्ध पडला. इमारत बंद होती. बाप मदतीसाठी फोन करत राहिला, फाटकावरच्या लोकांना विनवत राहिला. शेवटी कठडे ओलांडून त्याने टॅक्सी पकडली. इस्पितळ जवळ होतं, पण तोवर मूल गेलं. लानचौच्या प्रशासनाने दोन दिवसांनी दिलगिरी व्यक्त केली.

शीआन, चेंगदू, ग्वीयांग, लानचौ. एक बाळंतपण, एक भूकंप, एक प्रवास, एक गॅसगळती. यातलं एकही संकट विषाणूने आणलं नव्हतं. माणसाच्या आयुष्यात अचानक जे जे येतं त्यातलं एक एक येत होतं, आणि जवळपास दर वेळी दार उघडायला परवानगी लागत होती. आग राहिली होती.

११ नोव्हेंबर

सरकारने वीस कलमी उपाय जाहीर केले. विलगीकरणाचे दिवस कमी केले, खालच्या अधिकाऱ्यांनी मनाने निर्बंध वाढवू नयेत असं बजावलं. कागद चांगला होता. पण रुग्ण वाढले तर शिक्षा होईल ही भीती त्यातल्या एकाही कलमाने काढली नाही. काही शहरांनी आठवडाभर ढील दिली, रुग्ण वाढले, पुन्हा दोर आवळला.

२० आणि २१ नोव्हेंबर

२० तारखेला जीशियांगयुआन वसाहत कमी धोक्याची ठरवली गेली. प्रशासनाचं नंतरचं म्हणणं असं की तेव्हापासून रहिवाशांना ठरलेल्या वेळी, पाळीपाळीने, कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली खाली उतरता येत होतं. ही सवलत म्हणून सांगितली गेली. शंभर दिवसांनंतर आपल्या इमारतीच्या अंगणात पाळी लावून उभं राहणं.

त्याच रात्री कतारमध्ये फुटबॉलचा विश्वचषक सुरू झाला. चीनमधल्या लोकांनी दूरचित्रवाणीवर खचाखच भरलेलं मैदान पाहिलं. एकाच्याही तोंडावर मास्क नाही. हे लोक आणि आपण एकाच ग्रहावर राहतो का, असं आरोग्य आयोगाला विचारणारा लेख वुईचॅटवर लाखोंनी वाचला आणि तो काढून टाकण्यात आला. त्याच आठवड्यात सरकारी वाहिनीवर प्रेक्षकांची जवळून घेतलेली दृश्यं कमी झाल्याचं लोकांच्या लक्षात आलं.

२१ तारखेला हनान प्रांतात आनयांगमध्ये एका कंपनीत आग लागून ४२ जण मेले. या आगीचा टाळेबंदीशी संबंध नव्हता. पण तिच्यानंतर देशभर अग्निसुरक्षेची तपासणी करण्याचे आदेश निघाले होते. उरुमचीची आग त्यानंतर तिसऱ्या दिवशीची आहे.

२४ नोव्हेंबर, सकाळ

आरोग्य आयोगाने आदल्या दिवसाचा आकडा दिला: ३१ हजारांहून अधिक नवे बाधित, साथ सुरू झाल्यापासूनचा उच्चांक. म्हणजे ज्या शून्यासाठी हे सगळं चाललं होतं ते हाताबाहेर गेलं होतं, आणि ते त्या सकाळी आकड्यांनीच सिद्ध झालं होतं. उरुमचीत तो दिवस बंदीच्या शंभर दिवसांनंतरच्या कुठल्याही दिवसासारखाच होता.

संध्याकाळी ६

कतारमध्ये स्वित्झर्लंड आणि कॅमेरून यांचा सामना सुरू झाला. उरुमचीत नोव्हेंबरअखेर सूर्य साडेसहा-पावणेसातला मावळतो आणि थंडी शून्याखाली उतरते. अशा हवेत खिडक्या बंद असतात, आणि घरात वीज खेचणारी जी काही उपकरणं असतील ती चालू असतात. सगळे घरात असतात, आणि शंभर दिवसांपासून तर सगळे घरातच होते.

७:४९

आठव्या क्रमांकाच्या इमारतीत, पंधराव्या मजल्यावरच्या एका घरात, झोपायच्या खोलीतल्या एक्स्टेंशन बोर्डाने पेट घेतला. चौकशीत सांगितलेलं कारण एवढंच. आपल्या प्रत्येकाच्या घरात पलंगाच्या मागे असा एक बोर्ड असतो.

अग्निशमन दलाला फोन गेला.

उंच इमारतीत ज्वाळांपेक्षा धूर आधी मारतो. बाहेर कडाक्याची थंडी आणि आत उबदार हवा असेल तर जिन्याचं धुराडं होतं. खालचा गरम धूर वर खेचला जातो आणि वरच्या मजल्यांवर साठतो. ज्वाळा सतराव्या मजल्यापर्यंत चढल्या, धूर एकविसाव्यापर्यंत. जिना धुराने भरला की माणसाच्या हातात फार थोडी मिनिटं असतात. खाली जायचं की वर गच्चीकडे, दुसरा जिना कुठे आहे आणि त्याचं दार उघडं आहे का, एवढं त्याला तेवढ्यात ठरवावं लागतं. हे त्याच्या अंगवळणी पडलेलं असेल तर तो वाचतो. जिन्यावर पाऊल टाकायचं तर विचारून टाकायचं, हे ज्याला शंभर दिवस शिकवलं गेलं, त्याची पहिली मिनिटं फोनवर विचारण्यात जातात. रहिवाशांच्या गटातल्या संदेशांची जी छायाचित्रं नंतर बाहेर आली, त्यात शेजारी शेजाऱ्यांसाठी मदत मागत होते, दार उघडा म्हणत होते, वरच्या मजल्यावर श्वास घेता येत नाही असं कळवत होते.

एकोणिसाव्या मजल्यावर एक आई आणि तिची चार मुलं होती. नवरा आणि मोठा मुलगा काही वर्षांपासून कैदेत असल्याचं परदेशातले नातेवाईक सांगतात. टाळेबंदी आणि त्याआधीची धरपकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्या घराकडे पाहावं. घरातले कर्ते पुरुष सरकारने आधीच नेले होते. ती आई आणि चारही मुलं त्या रात्री गेली.

आठनंतर

बंब आले, पण इमारतीपर्यंत पोचू शकले नाहीत. वसाहतीच्या वाटेवर अडसराचे खांब होते आणि दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या होत्या. एवढं प्रशासनानेही कबूल केलं. रहिवाशांनी आणि इतरांनी पुढचं सांगितलं: गाड्या महिनोन्महिने जागच्या हललेल्या नव्हत्या, कित्येकांच्या बॅटऱ्या उतरल्या होत्या, मालक घरात कोंडलेले किंवा विलगीकरणात होते. खांब उपटायचे, गाड्या ढकलायच्या, मग पुढे सरकायचं.

जगाने पाहिलेला व्हिडिओ या वेळेचा आहे. शेजारच्या इमारतीतून काढलेला. काळोखात पेटलेल्या खिडक्या, खाली दूरवर थांबलेला बंब, त्यातून उसळणारा पाण्याचा मोठा फवारा. फवारा वर जातो, कमान घेतो आणि ज्वाळांच्या अलीकडे कोसळतो. पुन्हा जातो, पुन्हा अलीकडे. आणखी एका चित्रफितीत उइगुर भाषेत ओरडणाऱ्या बाईचा आवाज आहे. दार उघडा, एवढंच ती म्हणते आहे.

पाण्याची ती काही मीटरची तूट मी विसरू शकत नाही. बंबाच्या यंत्रात दोष नव्हता, पाणी कमी नव्हतं, जवान कामचुकार नव्हते. बंब जिथे उभा राहायला हवा होता तिथे शंभर दिवस न हललेल्या गाड्या उभ्या होत्या.

रात्री ९

कतारमध्ये उरुग्वे आणि दक्षिण कोरिया मैदानात उतरले. उरुमचीत आग चालूच होती.

१०:३५

आग विझली. सामना संपायला अजून वेळ होता. दहा जणांना मृत घोषित केलं गेलं. विषारी धूर छातीत गेल्याने ते दगावले. लोकांमध्ये यापेक्षा मोठे आकडे बोलले जात होते. मृतांच्या संख्येबद्दल अफवा पसरवल्याच्या आरोपावरून पोलिसांनी एका बाईला दहा दिवसांसाठी डांबलं. आगीबद्दलची ही कारवाई सर्वात आधी जाहीर झाली.

२५ नोव्हेंबर, रात्र

महापौर मेमतिमिन कादिर यांनी पत्रकार परिषदेत शहराची माफी मागितली. तिथेच अग्निशमन दलाचे प्रमुख ली वनशंग यांनी खुलासे केले. दारं तारेने बांधली होती हे खोटं आहे, बाहेर पडायची वाट उघडी होती, वसाहत कमी धोक्याची होती. आणि पुढे: काही रहिवाशांची स्वतःला वाचवण्याची क्षमता कमी पडली.

त्या इमारतीतलं कुठलं दार त्या क्षणी बंद होतं आणि कुठलं उघडं, यावर प्रशासन आणि रहिवासी यांचं म्हणणं परस्परविरोधी आहे. स्वतंत्र पत्रकाराला तिथे जाऊन जिना पाहू दिला असता तर वाद एका दिवसात मिटला असता. पण ली यांचं सगळं म्हणणं जसंच्या तसं धरलं तरी वसाहतीच्या फाटकावर परवानगीचा पहारा होता, गाड्या हलत नव्हत्या आणि बंब पोचत नव्हता. मेलेल्यांच्या क्षमतेवर बोट ठेवणारं ते विधान ऐकून मला आजही संताप येतो. शंभर दिवस ज्यांना स्वतःच्या दाराची कडी काढू दिली नाही, त्यांना तुम्ही स्वतःहून का पळाला नाहीत असं विचारलं गेलं.

लोकांनाही तसंच वाटलं असावं. त्याच रात्री, गोठवणाऱ्या थंडीत, उरुमचीचे लोक कठडे मोडून रस्त्यावर आले. बंदी उठवा अशा घोषणा देत ते सरकारी इमारतीसमोर जमले, त्यांनी राष्ट्रगीत म्हटलं. व्हिडिओंत दिसणारी गर्दी बहुतांश हान, म्हणजे चीनमधल्या बहुसंख्य समाजाची, आहे. उइगुरांसाठी तिथे उभं राहणं म्हणजे काय, ते वर येऊन गेलं आहे.

२६ नोव्हेंबर

सकाळी उरुमची प्रशासनाने जाहीर केलं: वस्त्यांमधला प्रादुर्भाव जवळपास शून्यावर आला आहे, निर्बंध टप्प्याटप्प्याने उठवले जातील. एका रात्रीत विषाणू गेला नव्हता. शंभर दिवसांत जे शक्य नव्हतं ते रात्रभरच्या गर्दीने शक्य केलं. म्हणजे ते २३ नोव्हेंबरलाही शक्य होतं.

रात्री शांघायमध्ये लोक मेणबत्त्या आणि फुलं घेऊन जमले, त्या शहरातल्या उरुमची नावाच्या रस्त्यावर. मध्यरात्रीनंतर शी जिनपिंग पायउतार व्हा, पक्ष पायउतार हो, अशा घोषणा उघड्यावर दिल्या गेल्या. नानजिंगमध्ये एक विद्यार्थिनी कोरा कागद धरून उभी राहिली. पुढच्या दोन दिवसांत बीजिंग, चेंगदू, वूहान, ग्वांगचौ, कितीतरी विद्यापीठं. सगळीकडे कोरे पांढरे कागद. पोलिसांनी रस्त्यात लोकांचे फोन तपासले, शांघायमधली त्या रस्त्याच्या नावाची पाटी काढून नेल्याचे फोटो आले, आणि पुढच्या आठवड्यांत घराघरांतून तरुण मुलामुलींना उचलण्यात आलं.

७ डिसेंबर

आरोग्य आयोगाचे दहा नवे नियम आले आणि शून्य कोविड धोरण प्रत्यक्षात संपलं. सौम्य लक्षणं असलेल्यांना घरी राहायची मुभा मिळाली, बहुतेक ठिकाणी चाचणीची सक्ती गेली. हे इतक्या घाईने झालं की वृद्धांचं लसीकरण अपुरं होतं आणि इस्पितळांत औषधांचा साठा नव्हता. ८ डिसेंबर ते १२ जानेवारी या काळात फक्त इस्पितळांत कोविडशी संबंधित ५९,९३८ मृत्यू झाल्याचं सरकारने पुढे जाहीर केलं. तीन वर्षं बंदीवर खर्च केलेली ताकद लशीवर खर्च झाली असती तर यातले बरेच वाचले असते.

त्या दहा नियमांत एक कलम असं आहे: अग्निशमनाचे मार्ग, इमारतीची दारं आणि वसाहतींची फाटकं कोणत्याही प्रकारे अडवण्यास सक्त मनाई. जीशियांगयुआनचं नाव त्यात नाही.

६ जानेवारी २०२५. शांघाय

कोऱ्या कागदांच्या त्या निदर्शनांवर माहितीपट करणाऱ्या दिग्दर्शकाला न्यायालयाने साडेतीन वर्षांची शिक्षा सुनावली. कुरापत काढणं आणि शांतता बिघडवणं, हा आरोप. त्याने तो माहितीपट निदर्शनांच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या सुमारास प्रसिद्ध केला होता.